तुम्ही खाता का?

'तुम्ही खाता का?' या मराठी प्रश्नाला कर्म लागत नाही. काय खाता, ते विचारणाऱ्याच्या खाली आलेल्या आवाजावरून कळतं. 2014च्या सरकारी नमुना सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरचे सुमारे 71 टक्के भारतीय मांसाहारी निघाले. तरी या बहुसंख्येचं नाव 'नॉनव्हेज', म्हणजे 'अमुक नसलेले'. हॉटेलाच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' शोभतं. 'शुद्ध मटण' लिहा, गिऱ्हाईक आधी भेसळीचा संशय घेईल.

कुणी म्हणेल, लेबल ही निव्वळ सोय आहे. पाकिटावर आहेच, व्रत पाळणाऱ्याला ती खूण हवी. पण नॉनव्हेजची तीच खूण, तो तपकिरी त्रिकोण, बोकड, बोंबील आणि कोंबडी यांना एका पंगतीला बसवतो (पंक्तिभेद मोडणं एरवी इतकं सोपं नसतं). कोकणातली सागुती, कोल्हापुरातला तांबडा-पांढरा, कालवणातला बांगडा हे सगळे नेमके शब्द त्या त्रिकोणात विरघळतात आणि उरतो तो केवळ कबुलीजबाब. तोही लाजत दिलेला. स्थळाच्या माहितीत मुलगा 'कधीमधी नॉनव्हेज' असतो. कधीमधी म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार.