खासदार मोठे, मतदार मुंबईत

राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८च्या फेररचनेत गेला. विधानसभेपुरतं नाव उरलं, बाकी सगळं रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पोटात.

गेला तो साधासुधा नव्हता. १९५७च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून बॅरिस्टर नाथ पै दिल्लीला गेले आणि लाट ओसरली तरी जातच राहिले. १९७१च्या जानेवारीत ते वारले, त्यांच्या जागी मधु दंडवते आले. सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. १९७१, १९८० आणि १९८४ साली देश इंदिराबाईंच्या, मग त्यांच्या नावाच्या लाटेत वाहत होता. राजापूरकर काठावर बसून समाजवाद्यांना मतं देत होते. बहुमताशी बहुतेक वेळा फारकत, तरी लोकसभेत आवाज सगळ्यात खणखणीत! हल्ली उलटा सौदा सर्रास चालतो.

दंडवते १९७७ला रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम आला तो त्यांच्यामुळे. कोकण रेल्वेसाठी तर त्यांनी जन्मभर घसा कोरडा केला. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झालं, रूळ पडणार हे नक्की झालं आणि १९९१च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांनाच पाडलं. कृतज्ञता दाखवायलाही आमच्याकडे मुहूर्त लागतो.

१९९८ला गाडी रोह्यापासून मंगळुरूपर्यंत धावली. स्टेशनाचं नाव ‘राजापूर रोड’. तिथून राजापूर गाठायला पुन्हा रिक्षा किंवा एसटी. तोवर खासदार होते सुरेश प्रभू, शिवसेनेचे. पुढे २०१४ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण संसदेत आले ते हरियाणातून, नंतर आंध्रातून. तोवर राजापूरकडे पाठवायला जागाच नव्हती म्हणा.

जागा गेली कशी? २००१च्या जनगणनेत राज्यात एका लोकसभा जागेमागे सरासरी वीस लाख माणसं येत होती. अख्ख्या सिंधुदुर्गात नऊ लाखही भरली नाहीत. भरणार कुठून? चाकरमानी आधी बोटीने गेला, मग एसटीने, शेवटी दंडवत्यांच्या गाडीने. परळ-लालबागात मावेनासा झाला तेव्हा डोंबिवली-विरारला सरकला. तिकडे ठाणे जिल्ह्यातल्या लोकसभेच्या जागांचे दोनाचे चार झाले. इकडे रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागा मोडून एक झाली, वर दापोली-गुहागर रायगडच्या पदरात गेले. मनीऑर्डर गावाला यायची, पण माणूस मोजला जायचा ठाण्यात.

आता पुढच्या फेररचनेची कुजबुज आहे. शिरगणतीऐवजी दाराला लागलेली कुलपं मोजायचं ठरलं, तर राजापूर एकटं दोन खासदार निवडून देईल. प्रचार मात्र डोंबिवलीत करावा लागेल.