ब्रेकपॉइंटवाले सर

जालन्यात सळईचा भाव कोणीही सांगेल. लॅपटॉपवर फोर्ट्रनचा कंपायलर कोण बसवून देतं, असं विचारलं की मात्र सगळी बोटं एकाच घराकडे वळतात. तिथं सर राहतात. सर मेकॅनिकलचे, नोकरी तासिका तत्त्वावर. त्यामुळं त्यांचं कॉलेज दर वर्षी बदलतं, दारातल्या चपला मात्र त्याच. एम.टेक.च्या सबमिशनची तारीख जवळ आली की चपला पायऱ्या उतरून रस्त्यावर येतात. असे सर आता प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सापडतात. पगार कोणाचाही असो, अडलेल्याची वाट त्यांच्याच दाराशी येते.

जालन्यातला पोरगा प्रोजेक्टला विषय घेणार कोणता? टीएमटी. हजाराच्या आसपास अंशांवर लाल झालेली सळई पाण्याच्या पेटीतून सुसाट निघते. वरची साल चटकन थंड होऊन कडक मार्टेन्साइट बनते, गाभा तापलेलाच राहतो, आणि मग आतली उष्णता बाहेर येऊन सालीचा ताठा थोडा उतरवते. हे सगळं काही सेकंदांत. नळ कधी येईल याची वाट बघणाऱ्या गावात पाण्याचं एवढं कौतुक फक्त सळईच्या वाट्याला आलंय. तर हे पोराला अबॅकस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवायचं असतं. त्यातलं तयार मटेरियल पुरत नाही. गाइड म्हणतात, "यूमॅट लिहा", आणि मीटिंगला निघून जातात. यूमॅट म्हणजे एवढा ताण दिला तर पोलाद आतून किती प्रतिकार करेल, हे स्वतः लिहून द्यायचं सबरुटीन. तेही फोर्ट्रनमध्ये, म्हणजे आयबीएमनं 1957 साली बाजारात आणलेल्या, पोराच्या आजोबांच्या वयाच्या भाषेत.

"सर, कंपायल होऊ नाही लागलं."

"एरर वाच."

"वाचली ना सर."

"मोठ्यानं वाच."

"आयफोर्ट पाथमध्ये सापडत नाही म्हणतंय."

"मग खरंच म्हणतंय ते. आधी काय टाकलं होतं?"

या प्रश्नावर निम्मी पोरं खाली बघतात. क्रम ठरलेला असतो: आधी व्हिज्युअल स्टुडिओ, त्यातही सी प्लस प्लसचा भाग टिक करून, मग इंटेलचा फोर्ट्रन, मग दोघांची ओळख अबॅकसला करून द्यायची. पोरानं नेमकं उलटं केलेलं असतं. शिवाय 2025 च्या आवृत्तीपासून इंटेलच्या पॅकेजात जुना आयफोर्ट येतच नाही, आयएफएक्स येतो. आणि पोराचं जुनं अबॅकस आयफोर्टच्याच नावानं हाका मारत बसतं. "काढ सगळं," सर म्हणतात. सर पोराच्या माउसला कधी हात लावत नाहीत. हात पोराचा, बोट सरांचं. शेवटी अबॅकस सुरू करणारी बॅच फाइल नोटपॅडमध्ये उघडतात, वरती एक ओळ घालायला लावतात, व्हेरिफायची आज्ञा देतात आणि पडद्यावर 'पास' उमटतं.

पोरगा बॅग भरायला लागतो. सर म्हणतात, "बस. चाललं म्हणजे बरोबर आलं, हे तुला कोणी सांगितलं?"

खरे सर इथून सुरू होतात. चालू पडलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. परवा एकाची सळई पडद्यावर ओढली की लांब व्हायची, पण अंगानं तसूभरही बारीक होत नव्हती. जालन्यातल्या कुठल्याच मिलमधून असली सळई निघत नाही. सरांनी कोड बघितला आणि हसले. ओढल्यावर किती बारीक व्हायचं हे ठरवणाऱ्या पॉयसन गुणोत्तराला पोरानं नाव ठेवलं होतं एन-यू, आणि किंमत दिली होती 0.3. "अरे, बारशाला अक्षर काढतात तसं आहे हे. आयपासून एनपर्यंतच्या अक्षरात जन्मलेला व्हेरिएबल पूर्णांकच राहणार, अपूर्णांक त्याच्या पत्रिकेतच नाही. तुझ्या 0.3 चा झाला शून्य." पोरानं नाव बदलून एक्स-एन-यू केलं आणि सळई शहाण्यासारखी वागायला लागली.

पण हे नुसत्या नजरेनं नेहमी सापडत नाही, म्हणून सर थांबवायला शिकवतात. एन्व्हायर्नमेंट फाइलीत डीबगचे पर्याय घालायचे. सबरुटीनमध्ये पहिल्या एलिमेंटच्या पहिल्या बिंदूवर एक 'रीड' टाकून ठेवायचं, म्हणजे प्रोग्राम तिथं येऊन एंटरची वाट बघत उभा राहतो. तेवढ्यात स्टुडिओतून स्टँडर्ड डॉट ईएक्सई पकडायची, ब्रेकपॉइंट टाकायचा, मग एंटर. लाल ठिपक्यावर पिवळा बाण येऊन थांबला की सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पगाराच्या दिवशीही दिसत नाही. अर्थात पगाराचा दिवस त्यांच्याकडे क्वचितच येतो. फी ते घेत नाहीत. अंबड, घनसावंगीकडची पोरं हंगामात मोसंबीची पिशवी ठेवून जातात, तेवढी मात्र नाकारत नाहीत.

अडचण एवढीच की सरांना ही थांबवायची सवय कोडबाहेरही सुटत नाही. भाऊबंदकीचं गाऱ्हाणं घेऊन गावाकडून कोणी आलं, की त्याला गोष्ट सलग सांगताच येत नाही.

"तर चुलत्यानं बांध कोरला..."

"थांबा. या वेळेला बांध कुठं होता?"

"बोरीपाशी."

"हं. पुढच्या पेरणीला?"

"बोरीच्या अलीकडं."

"त्याच्या पुढच्या?"

"बोर त्याच्या वावरात."

"म्हणजे दर फेरीला थोडा थोडा सरकतोय. बघा, चूक शेवटच्या वर्षात नाही, पहिल्या फेरीत आहे. तेव्हा का नाही थांबवलं?" गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस कबूल होऊन जातो आणि वकिलाकडे जायचं विसरतो. विजेचं बिलही सर असंच भरतात: युनिट, स्थिर आकार, वहन आकार, एकेका ओळीवर थांबून. मागची रांग तोवर दाराबाहेर जाते.

पुतण्याच्या लग्नाच्या बैठकीत याद्या वाचायला सुरुवात झाली आणि सरांनी तिसऱ्याच ओळीला हात वर केला. सोयरे चपापले. रात्री घरी सरांच्या पत्नीनं, बाईंनी, विषय काढला, "तिथंही थांबवायची काय गरज होती?"

सर म्हणाले, "समर्थ आपल्याच जिल्ह्यातले, जांबचे. गोष्ट ऐकलीयेस ना? बोहल्यावर 'सावधान' ऐकलं आणि थांबून विचार केला. एवढ्या वर्षांत असा एकच निघाला. बाकी सगळे एंटर दाबून मोकळे."

बाई भाकरीचं पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुम्ही का दाबलं?"

सर एरवी कुठल्याही ओळीवर थांबून व्हेरिएबलची किंमत सांगतात. या ओळीवरून मात्र ते घाईघाईनं पुढं गेले.