साठाचे आठ झाले, ऐकलंत का?

अहो, जरा इकडे या ना, कुंपणाजवळ. ती जास्वंदीची फांदी बाजूला करा, नाहीतर मला तुमचं नुसतं कपाळच दिसतंय. ऐकलंत का माईंकडे काय झालं ते? नाही? अगंबाई, सबंध कॉलनीला ठाऊक आहे! संकष्टीच्या उद्यापनाला उकडीचे मोदक सांगितले होते साठ, आणि आले किती? आठ! डबा उघडला तेव्हा मी तिथेच उभी होते, म्हणून तर सांगतेय. चंद्रोदय झालेला, पाट मांडलेले, माणसं दिवसभराची उपाशी... आणि डब्यात आठ मोदक. नैवेद्याला एकवीस लागतात, तेवढेसुद्धा नाहीत! माई एकदम पांढऱ्याफटक. आणि त्यांच्या वन्सं, कोथरूडच्या हो, त्या डब्यात वाकून म्हणतात कशा, "वहिनी, बाकीचे मागच्या गाडीने येतायत का?"

मी पटकन आत जाऊन रवा भाजायला घेतला. शिरा कोणी केला ते मी सांगत नाही, पण वन्संनी दोनदा वाढून घेतला.

तर काय सांगत होते, मोदक. मोदकवाल्या काकूंना तातडीने बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "माई, तुम्ही फोनवर आठच म्हणालात. मी विचारलंसुद्धा, आठच ना? तर फोन कट! मग म्हटलं, अष्टविनायकाचा काही नवस असेल." आता यावर काय बोलणार? माई म्हणाल्या, "मी साठ म्हटलं, चांगलं खणखणीत. हे साक्षीला आहेत." नाना पेपरमागून म्हणाले, "मीच काय, मागच्या गल्लीनेही ऐकलंय."

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं, फक्त जिला ऐकायचं होतं तिलाच ऐकू गेलं नाही.

आणि फोन कुठला, माहितीये ना? लेकाने अमेरिकेतून आणलेला, लाखाच्या घरातला. मागे तीन-तीन कॅमेरे. त्याच रात्री माईंनी त्यावर चंद्राचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला होता, अगदी डागांसकट! चंद्र दिसतो हो त्यात, पण दोन गल्ल्या पलीकडे ‘साठ’ पोचत नाही.

माईंचा भाचा आला होता ना, तो चष्मेवाला, टेलिकॉममध्ये आहे तो. त्या आठातला एक मोदक तोंडात टाकत म्हणतो, "मावशी, दोघीही खरं बोलताय." मग त्याने सांगितलं ते ऐकाच. आपला नेहमीचा फोन आहे ना, तो पहिल्यापासून आवाजाचा मधला तुकडाच तेवढा नेतो म्हणे. ३०० ते ३४०० हर्ट्झ. माणूस ओळखू येतो, बोलणं कळतं, बस्स, तेवढ्यापुरतं. पण ‘स’चा जो सुसकारा असतो, तो बराचसा त्याच्या वरच राहतो. तो गाळला गेला, की ‘साठ’चं काय उरतं? म्हणून बघा एकदा मनातल्या मनात... उरलं ना ‘आठ’?

मी म्हटलं, अरे पण लाखाचा फोन ना हा? तर म्हणतो, काकू, हल्लीचे फोन फोर-जीवरून बोलतात, व्होल्टी की काय ते, त्यात एचडी आवाज असला तर ७००० हर्ट्झपर्यंत जातो. ‘स’ काय, ‘श’सुद्धा स्वच्छ. पण दोन्ही टोकांना तशी सोय हवी आणि मधल्या वाटेवरही हवी. मोदकवाल्या काकूंचा बटनांचा साधा फोन. मग एका टोकाला लाखाचा आणि दुसऱ्या टोकाला दीड हजाराचा, आवाज आपला दीड हजाराच्या भावाने जातो! वन्संनी लगेच नाक मुरडलं, "मग लाख रुपये कशाला घातले?" माई काही बोलल्या नाहीत. नुसतं वाटाण्याच्या उसळीकडे बघत राहिल्या.

तेवढंच नाही हो. त्या वेळी माईंचा मिक्सर चालू होता. या फोनला म्हणे तोंडाशी एक माइक आणि वर किंवा पाठीमागे दुसरा. दुसऱ्याने घरातला गोंगाट ऐकायचा, आणि मग फोनने तो पहिल्यातून वजा करायचा. हुशारच की! पण ‘स’चा सुसकारा आणि मिक्सरची घरघर यात कधीकधी त्याचा गोंधळ होतो. गाळता गाळता अक्षरही जातं. पोहे चाळताना बारीक पोहे भुशाबरोबर खाली जातात ना, तसंच. शिवाय माई फोन धरतात कसा, तर खालच्या भोकांवर तळवा दाबून. म्हणजे पहिल्या माइकच्या तोंडावर हात!

बरं, फोन कट का झाला? तेही निघालं. फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी होते ना, ती करायला वर एक सेन्सर असतो. माईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडजूड स्क्रीनगार्ड बसवून घेतलेलं. त्याने सेन्सरचा गोंधळ झाला, स्क्रीन चालूच राहिली, आणि माईंच्या गालाने लाल बटन दाबलं! माईंचा गाल, बरं का. नाना म्हणाले, "तरी मी सांगत होतो, वजन कमी कर." असे काही डोळे वटारले माईंनी...

पण फोनचे हे रुसवे आजचे नाहीत. आमचे हे ऐकत होते ना सगळं, त्यांना असल्या गोष्टी फार. म्हणाले, पहिला हातातला फोन १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात उभं राहून लावला मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने. किलोभर वजनाचा ठोकळा. आणि लावला कोणाला? बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला! मुद्दाम, ‘बघ, मी रस्त्यातून बोलतोय’ म्हणून. काय तरी खोड! त्या पलीकडच्याचा चेहरा बघायला मिळायला हवा होता. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना लावला होता, तोच आपला पहिला. तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडायचे आणि आलेल्या फोनचेही पैसे. माणसं कशी मुद्द्याचं बोलायची! २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, आणि मग काय... माझ्या नणंदेचा फोन तुम्हाला माहीतच आहे.

आणि तो स्टीव्ह जॉब्ज. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्वतः म्हणाला होता, की याचं मुख्य काम फोन लावणं. आणि २०१० सालच्या आयफोनला झालं काय? अँटेना फोनच्या कडेलाच. डाव्या हातात अमुक ठिकाणी धरला, की रेंज गुल! लोकांनी बोंबाबोंब केली, तर उत्तर काय, तसा धरू नका. ऐकलंत? फोन हातात धरायचा नाही! शेवटी सगळ्यांना फुकट कव्हरं वाटली. कव्हर घातलं की हात अँटेनाला लागत नाही, म्हणून.

नानांचं तर वेगळंच दुखणं. ते कॉल ड्रॉपचं आठवतं? फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायने २०१५ मध्ये फर्मान काढलं होतं, १ जानेवारी २०१६ पासून फोन मध्येच तुटला तर कंपनीने एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. नानांनी लगेच दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, कोणाचा फोन, काय बोलणं चाललं होतं, सगळं लिहिलेलं. माई म्हणायच्या, "हे मुद्दाम जिन्यात जाऊन बोलतात, तुटावा म्हणून." आणि मग मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने ते फर्मानच रद्द केलं. रुपया गेला, वही राहिली. त्या दिवशी नाना संध्याकाळच्या फिरण्यालासुद्धा आले नाहीत.

अहो, तर काय सांगत होते... हां, काकूंचं. काकूंनी नंतर परत फोन केला होता. केला होता हो, दाखवला त्यांनी! पुन्हा पुन्हा. मग माईंनी उचलला का नाही? कारण वाजलाच नाही. तो अमेरिकेतला लेक गेल्या खेपेला येऊन करून गेला होता सेटिंग, की ज्यांचं नाव फोनमध्ये नाही त्यांचा फोन मुकाट राहील. आईला कोणी फसवू नये म्हणून. त्याचंही बरोबर आहे म्हणा. लोनवाले काय, ‘तुमचं पार्सल अडकलंय’वाले काय... आता नंबर १४० ने सुरू झाला की विकणारा आणि १६०० वरून आला की बँकबिंक, असं ठरवून दिलंय, पण दहाआकडी नंबरवरून येणाऱ्या भामट्यांचं काय करायचं? २०२५ मध्ये तर फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करायचे, मग घंटा वाजायची. पण त्या भामट्यांबरोबर गॅसवाला, कुरिअरवाला आणि मोदकवाल्या काकूही बाहेर राहिल्या ना!

आणि वाजला तरी उचलायचा कसा, हाही प्रश्नच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी जणांच्या फोनचं तोंडच बदललं रातोरात, आठवतंय? आदल्या दिवशी बोट वर सरकवायचं, दुसऱ्या दिवशी आडवं. नानांनी व्याह्यांचा फोन कट केला तो तेव्हाच. व्याही अजून ‘बिझी असता तुम्ही’ म्हणून टोमणे मारतात.

नाना ओरडून का बोलतात, तेही भाच्याने सांगितलं. जुन्या काळ्या फोनमध्ये आपला आवाज आपल्याच कानात थोडा ऐकू यायचा, म्हणून माणूस बेताने बोलायचा. मोबाइलमध्ये तो फारच कमी येतो, मग वाटतं पलीकडे पोचतच नाही, आणि लागतो माणूस किंचाळायला. शिवाय आपल्या बोलण्याच्या म्हणे वीस-वीस मिलिसेकंदांच्या फोडी करून पाठवतात आणि तिकडे जोडतात. त्यात क्षणभर उशीर होतो. म्हणून तर दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही गप्प, मग ‘बोला बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’... मला इतके दिवस वाटायचं माझी जाऊच आगाऊ आहे. आहेच ती, पण सगळा दोष तिचा नव्हता.

मग नाना इरेला पेटले. म्हणाले, "बास! लँडलाइन घेतो." घेतलीसुद्धा. हॉलमध्ये स्टुलावर, वर माईंनी विणलेला रुमाल. आल्या-गेल्याला सांगायचे, "पूर्वी लाइट गेली तरी हा चालायचा, माहितीये?" चालायचा खरा, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट त्याच तारेतून घरापर्यंत यायचे. पण आता तांब्याची तार कुठे? फायबर आलंय. त्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, त्याचा डबा आपल्याच भिंतीतल्या प्लगवर. गुरुवारची लाइट गेली, नानांनी वन्संसमोर ऐटीत रिसीव्हर उचलला... आणि ठार शांतता. वन्सं म्हणाल्या, "दादा, याला पण चार्जिंग लागतं का?" आई गं! मी पदर तोंडात कोंबून बाहेर आले.

मला विचाराल, तर या फोनमध्ये बोलण्याचं यंत्र चांगलंच आहे, पूर्वीपेक्षा चांगलं. पण त्याचं घरातल्या थोरल्या जावेसारखं झालंय. सगळं तिच्या नावावर आणि विचारत कोणी नाही. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती, गेम चालतात का, हे दुकानात सगळे विचारतात. आवाज कसा येतो हो, असं विचारताना कोणी ऐकलंय? मी विचारलं होतं, तर तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

भाच्याने माईंचं सगळं नीट करून दिलं, बरं का. स्क्रीनगार्ड बदललं, कानाशी असते ती जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ केली, काकूंचा नंबर नाव घालून सेव्ह केला, वायफाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे आतल्या खोलीत रेंज नसली तरी बोलता येईल. आणि बजावून सांगितलं, "मावशी, आकडा सांगाल तेव्हा सहावर शून्य म्हणा आणि समोरच्याकडून वदवून घ्या."

पण माईंचा आता विश्वासच उडालाय. मोदकांची ऑर्डर त्या चिठ्ठीवर लिहून नानांच्या हाती पाठवतात. आणि नाना कुठले इतके आज्ञाधारक हो? दोन गल्ल्यांचं अंतर, पण तासाभराने येतात. काकू त्यांना बसवून गरम मोदक वाढतात म्हणे, वर तूप घालून! साखर किती आहे त्यांची, ठाऊक आहे ना तुम्हाला? माईंना अजून पत्ता नाही. तुम्ही बोलू नका हं कोणाला... आणि अगदीच राहवलं नाही, तर फोनवर सांगा. म्हणजे अर्धंच पोचेल.