समासातले गुण

चिपळुणात पुस्तकं बाळगणाऱ्या माणसाला पंचांग वेगळं लागतं. वसंत, शरद, हेमंत ही नावं कवितेत ठीक. आमच्या कपाटाला चारच ऋतू ठाऊक आहेत. बुरशीचा, कसरीचा, ऊन दाखवण्याचा आणि आंब्याच्या डागांचा. यातला पहिला जूनमध्ये सुरू होतो आणि तो संपल्याचं कुणी जाहीर करत नाही. जुलैत एखाद्या सकाळी कपाट उघडावं, तर पुठ्ठ्यांवर पांढरट लव आलेली असते, पानं भाकरीसारखी फुगलेली असतात आणि मेमध्ये सैल बसलेली रांग आता एकही पुस्तक सोडायला तयार नसते. जोर लावून ओढलं तर पाठ हातात येते, पुस्तक आत राहतं.

आगोटीच्या दिवसांत सगळं गाव मीठमिरची, सुके बोंबील, लाकूडफाटा भरून ठेवतं. माझे सासरे, अण्णा, पुस्तकं भरायचे. आमच्या गावाला १८६४ सालापासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, त्यामुळे पुस्तकांची चणचण कधीच नव्हती. चणचण कार्डांची होती. एक कार्ड अण्णांच्या नावावर, एक सासूबाईंच्या नावावर (त्या फक्त पोथी वाचत), एक मुलाच्या नावावर. माप ओलांडून मी घरात आले, त्याच आठवड्यात अण्णांनी मला वाचनालयात नेऊन सभासद केलं. काय हौशी सासरे मिळाले, असं मला वाटलं. पुढे कळलं, की त्या कार्डावर माझ्या आवडीचं पुस्तक यायचं तर मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही सगळी नक्षत्रं जावी लागतात.

सासूबाईंचं मात्र बरं होतं. त्यांच्या वाचनाला मुळातच वेळापत्रक होतं. श्रावण लागला की शिवलीलामृत, मार्गशीर्षात दत्तजयंतीपर्यंत गुरुचरित्राचा सप्ताह, माघात दासनवमीच्या सुमारास दासबोध. कुठलं पुस्तक कुठल्या महिन्यात वाचायचं याचा घोळ त्यांनी आयुष्यात घातला नाही. श्रीधरानं शिवलीलामृत १७१८ साली पुरं केलं. तीनशे वर्षांत त्याला ना नवी आवृत्ती काढल्याची जाहिरात करावी लागली, ना प्रकाशन समारंभ. आणि गंमत म्हणजे त्यांच्या पोथीला कसर लागत नसे. सासूबाई ते पुण्याईवर घालत. अण्णांचं म्हणणं असं, की कसरीला अध्यात्म कळत नाही, तिला खळ कळते. ती खाते ती बांधणीतली खळ, पिठाची. पोथीची पानं सुटी, लाल फडक्यात गुंडाळलेली, तिथे खळच नाही तर ती कशाला फिरकेल? म्हणून तर जुने बाइंडर खळ शिजवताना तिच्यात मोरचूद घालतात. यावर सासूबाई म्हणत, "मग तुमच्या कादंबऱ्यांना मोरचूद पाजा."

अण्णा गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावरही पेपर तपासायची सवय गेली नाही. घरचं पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं गुण, शंभरपैकी. वाचनालयाच्या पुस्तकात ते खूणही करत नसत. त्यांचे गुण वहीत. 'रणांगण'ला एकाहत्तर. 'गारंबीचा बापू'ला अठ्ठ्याऐंशी, त्यातले दहा कोकणचं असल्याबद्दल, हे ते स्वतःच कबूल करत. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ला ब्याण्णव दिले होते, पण समासात शेराही होता: "बाईंना आमचा आषाढ दाखवायला हवा होता." ज्ञानेश्वरीच्या शेवटी मात्र "तपासली नाही" एवढंच.

पेन्सिलच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पेननं लिहिणारा माणूस आपलं मत बदलणार नाही असं धरून चालतो." फार सुंदर वाटलं होतं मला ते. नंतर माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात वर्गात जप्त केलेल्या पेन्सिलींचे तुकडे होते, तीनेक पिढ्यांना पुरतील इतके.

ऊन दाखवण्याचा ऋतू म्हणजे नवरात्र ते दिवाळी. पुस्तकं पडवीत येतात. भर उन्हात ठेवायची नाहीत, कागद कडक होऊन मोडतो; सावलीत, वारा खेळेल अशी, पंख्यासारखी उघडून उभी करायची. मग पुन्हा आत जाताना कडुलिंबाचा वाळला पाला, वेखंडाचे तुकडे आणि डांबरगोळ्या. या सगळ्याच्या मधे दसरा. सरस्वतीपूजनाला मांडलेल्या पुस्तकांना पूजा विसर्जन होईपर्यंत हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. अण्णा मोठ्या भक्तिभावानं एकेक पुस्तक चौरंगावर आणून ठेवत. सगळं कपाट रिकामं झालं की हात जोडत. आणि एक पुस्तक उशीच्या अभ्र्यात असे.

दिवाळी अंकांचंही त्यांनी गणितच केलं होतं. आळीतल्या चार घरांनी वर्गणी काढायची, अंक वाटून घ्यायचे आणि ठरल्या दिवशी पुढच्या घरी सरकवायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे त्याचा तक्ता. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा एका अंकापायी शेजारी शेजाऱ्याशी अबोला धरेल हे त्यांच्या मनातही आलं नसेल. आमच्या आळीत धरला गेला आहे. कारण काय, तर अंक परत आला तेव्हा शब्दकोडं सुटलेलं होतं. तेही पेननं.

आंब्याच्या ऋतूबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सुट्टीत भाचरं येतात, फास्टर फेणेचे भाग काढून माजघरात लोळतात, आणि रायवळ चोखलेल्या हातांनी पानं उलटतात. ते डाग कधीच जात नाहीत. अण्णा त्या डागांवर चिडत नसत याचं मला नवल वाटे. कुठलं पोर कुठल्या पानापर्यंत पोचलं होतं ते त्यांना त्यावरून कळायचं.

आता आमच्या भांडणाविषयी. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आमच्या घरातलं सर्वांत वादग्रस्त पुस्तक. रेव्हरंड टिळक रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे, म्हणजे अण्णांच्या लेखी घरचेच. तेव्हा त्यांनी काहीही केलं तरी अण्णांकडे त्याचं कारण तयार. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, हे सगळं अण्णा "मोठ्या माणसाला मोठा निर्णय घ्यावा लागतो" या एका वाक्यात उरकत. मी म्हणायची, "अण्णा, निर्णय त्यांनी घेतला आणि भोगला कुणी?" ते म्हणत, "सूनबाई, तू पुस्तक बायकोच्या बाजूनं वाचतेस." मी म्हणायची, "बायकोनंच लिहिलंय ते!" हा संवाद आमच्याकडे दर पावसाळ्यात होई. वीज गेली, दुसरं काही करण्यासारखं नसलं, की दोघांपैकी एकजण तो सुरू करी. सासूबाई आतून विचारत, "टिळकांपर्यंत आलात का? मग मी कंदील लावते."

२०२१ च्या माघात अण्णा गेले. वय झालं होतं, त्रास फार झाला नाही, सगळं लोक म्हणतात तसं. दिवसांत भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कपाटांकडे बघून विचारलं, "एवढ्या पुस्तकांचं आता काय करणार?" एका दूरच्या नातलगानं रद्दीचा भावही सांगितला, मदत म्हणून. एका शाळेत चौकशी केली, तर त्यांना स्पर्धा परीक्षांची हवी होती. पुस्तकं जागच्या जागीच राहिली. माझी अडचण निराळी होती. वाचताना एखादं वाक्य असं येई, की उठून ओटीवर जावं आणि म्हणावं, बघा, मी काय म्हणत होते! नवरा वाचतो, नाही असं नाही. पण तो कुठल्याही कादंबरीला "बरी आहे" म्हणतो. "बरी आहे"शी भांडता येत नाही.

त्या पावसाळ्यात २२ जुलैला वाशिष्ठी गावात शिरली. २००५ च्या २६ जुलैलाही शिरली होती. तेव्हाचं पाणी ओसरल्यावर अण्णांनी माजघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ आखून ठेवली होती, खाली तारीख घालून, आणि पुस्तकांचे सगळे कप्पे त्या रेघेच्या वर एक वीत, असा हिशेब केला होता. पाणी या खेपेला रेघ ओलांडून गेलं. आम्ही तांदूळ, कागदपत्रं, गॅसची टाकी आणि सासूबाईंना माळ्यावर चढवलं. सासूबाईंनी पोथी चढवली. बाकीचं वरून बघत बसलो. गावातलं वाचनालयही दोन्ही पुरांत सापडलं. तिथली भिजलेली पुस्तकं बघून आलेला माणूस बराच वेळ पुरावर बोलत नसे, भलत्याच विषयावर बोले.

पाणी गेल्यावर ओल्या पुस्तकांशी कसं वागायचं ते शिकावं लागलं. जाणकार सांगतात, लगेच वाळवणं जमणार नसेल तर गोठवून ठेवा, म्हणजे बुरशी थांबते. सल्ला उत्तम आहे, पण आमच्याकडे वीज नव्हती आणि फ्रीज आडवा होऊन परसात गेला होता. मग वर्तमानपत्राचे तुकडे पानापानांत घालायचे, ते भिजले की बदलायचे, पुन्हा घालायचे. चित्रांची, गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं वाचली नाहीत. ती वाळली की पानाला पान चिकटून वीट होते. दिवाळी अंकांचा लगदा झाला. बाकीच्यांतला छापील मजकूर मात्र शाबूत होता, कारण छपाईची शाई तेलातली, तिला पाण्याचं काही वाटत नाही. पेनची शाई पाण्यातली, ती पाण्याबरोबर गेली. लग्नात आलेल्या सगळ्या पुस्तकांवर "सप्रेम भेट"च्या जागी निळा ढग. कुणी काय दिलं होतं ते आता कळायला मार्ग नाही, म्हणजे उलट आहेराची एक भली मोठी यादी वाशिष्ठीनं परस्पर मिटवली. मी तिचे आभारच मानले.

पेन्सिल तशीच होती. पेन्सिलीत शाई नसतेच, असतं ते ग्रॅफाइट, आणि ते पाण्यात विरघळत नाही. चिखल टिपून घेतला की खालून अण्णांचे आकडे वर येत. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. एका गाजलेल्या कादंबरीला एकोणीस. नाव सांगत नाही, लेखकाचे चाहते अजून आमच्या आळीत आहेत. वर्तमानपत्र बदलायला म्हणून बसायचं आणि समास वाचत राहायचं, असं चाललं होतं. नवरा चार वेळा आत डोकावून गेला. पाचव्यांदा त्यानं स्वतःच फडकं घेतलं आणि शेजारी बसला.

'स्मृतिचित्रे' बरंच खाली सापडलं. अण्णांनी त्याला गुण तीनदा दिले होते, आधीचे खोडून. पंच्याऐंशी, मग नव्वद, मग चौऱ्याण्णव. टिळकांच्या धर्मांतराच्या प्रकरणाला समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सूनबाई म्हणते त्यात थोडं तथ्य." 'थोडं'च्या खाली दोन रेघा. तारीख नाही. हा माणूस भिंतीवरच्या पाण्याला तारीख घालतो आणि इथे नाही! म्हणजे किती वर्षं ते कबूल होऊन माझ्याशी भांडत होते, हे मला कधीच कळणार नाही. मला त्यांचा इतका राग आला, की मी पेन्सिल शोधायला उठले. डबा माळ्यावर होता म्हणून वाचला होता. शेऱ्याखाली लिहिलं, "थोडं? अण्णा, थोडं?"

ते पुस्तक यंदा बांधायला दिलं. पाठ सुटली होती, टाके उसवले होते. बाइंडर जुने, पिढ्यानपिढ्यांचे. खळीत मोरचूद घालतात का विचारलं तर दुखावले. त्यांनी पुस्तक आडवं-उभं करून पाहिलं आणि म्हणाले, "कडा पार गेल्यात. तिन्ही बाजूंनी सूतभर कापून घेतो, नवं दिसेल."

"कापायचं नाही," मी म्हटलं.

"अहो वहिनी, कापल्याशिवाय चौरस कसं होणार?"

"नको होऊ दे चौरस. समासात लिहिलंय, ते जाईल."

त्यांनी चश्मा पुसून पान जवळ धरलं. "पेन्सिलीचं आहे होय. खोडून देऊ का? रबर आहे माझ्याकडे."

मी पुस्तक त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. मग बरीच बोलणी झाली. न कापता बांधायचं ठरलं, पैसे तेवढेच, वर "वेडंवाकडं दिसलं तर माझं नाव सांगायचं नाही" ही अट.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "गणपतीच्या आधी द्या तेवढं."

"गणपतीच्या आधी?" ते हसायलाच लागले. "कोकणात राहता ना तुम्ही?"