पोटखराबा

आमच्या सोसायटीतले अण्णा मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, असं त्यांच्या निरोपसमारंभाच्या फोटोखाली लिहिलेलं आहे. माझा त्यावर विश्वास नाही. साखळी तेवढी त्यांनी सरकारजमा केली. मोजणी अजून चालू आहे.

नवा माणूस लिफ्टमध्ये शिरला की चौथा मजला येईपर्यंत त्याची हद्द कायम झालेली असते. "कुठे असता?" बाणेरला. "स्वतःचा?" हो. "कार्पेट किती?" इथे दुसरा मजला येतो. "बोजा?" अण्णांच्या भाषेत बोजा म्हणजे सातबाऱ्यावरचं कर्ज, इथे गृहकर्ज. नवखा माणूस बिचारा हातातल्या पिशवीकडे बघतो आणि म्हणतो, "नाही, भाजीच आहे."

कार्पेट विचारण्याची सवय त्यांना 2017 साली रेरा लागू झाल्यापासून लागली. त्याआधी बिल्डर जिने, भिंती, लिफ्टची जागा, सगळं धरून फ्लॅट विकायचे. त्या फुगवट्याला लोडिंग म्हणतात. अण्णांच्या मते माणसंसुद्धा लोडिंगसकटच बोलतात. मुलगा 'अमेरिकेत मोठ्या पोस्टवर' आहे म्हटलं की त्यातून 30 टक्के वजा करायचे, 'तसं आमचं साधंच आहे' म्हटलं की 30 टक्के मिळवायचे. हे दुसरं गणित मात्र ते क्वचितच चुकतात, हे कबूल करायला हवं.

त्यांच्या डोक्यात माणसांचा रेडी रेकनर आहे आणि सरकारी रेकनरसारखेच त्याचेही दर एक एप्रिलला बदलतात. तोवर पगारवाढीच्या बातम्या जिन्यातून खाली आलेल्या असतात. सरकारी भाव वेगळा, बाजारभाव वेगळा, हे तत्त्वही त्यांना पाठ. "सरकारी रेकनर बघायचा नसतो," ते मला एकदा हळूच म्हणाले, "बाजारभाव बघायचा."

हे दर लोकांना कळतात ते काकूंच्या स्वयंपाकघरातून. अण्णा आतल्या दिशेला फक्त एक वाक्य टाकतात. "अगं, चहाचं बघतेस का?" म्हणजे नुसता चहा. "अगं, चहा टाक," म्हणजे चहा आणि मारी. आणि "अगं, काही आहे का बघ गं," म्हणजे चितळ्यांची बाकरवडी, काचेच्या बशीतून. मी स्वतः सहा वर्षं बाकरवडीत होतो. मग गाडी विकून पीएमपीचा पास काढला आणि पुढच्याच एप्रिलात मारीवर आलो. अण्णांनी तोंडाने अवाक्षर काढलं नाही. बिस्किटंसुद्धा दोनच होती.

तुम्ही म्हणाल, अण्णा वाईट माणूस आहे. तसं नाही. ते फक्त तपासणीला जे दिसतं तेच लिहितात. मागे ओळखीच्या एका बिल्डरला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली. बारा दिवसांनी जामिनावर सुटला, तेव्हा अण्णा त्याला भेटून आले, वर घरी घेऊन आले आणि आतून बाकरवडी आली. मी नंतर विचारलं, "अण्णा, चाळीस जणांचे फ्लॅट अडकवलेत त्याने." अण्णा म्हणाले, "अहो, पण जामीन बारा दिवसांत! पोहोच बघा माणसाची."

तिसऱ्या मजल्यावरचे सर मात्र त्यांना कधी मोजताच आले नाहीत. सर निवृत्त शिक्षक. वॉचमनच्या दोन मुलांना आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीला रोज संध्याकाळी गणित शिकवतात, फी नाही. कमिटीचे खजिनदार असताना त्यांनी रंगवाल्याने आणलेला मिठाईचा डबा त्याच्याच हाती परत दिला होता. अण्णा ही गोष्ट सांगायचे ती एखाद्याचं आजारपण सांगावं तशी, आवाज उतरवून. "सज्जन आहेत हो," आणि मग एक सुस्कारा.

मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा अण्णांनी मला समजावलं. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून एक रकाना असतो. नाला, खडक, लागवडीला न येणारी जमीन. क्षेत्र धरायचं, नकाशात दाखवायचं, पण पिकाचा हिशेब नाही. "तसं आहे सरांचं. प्रामाणिकपणा, शिकवणं, सगळं आहे. आम्ही नोंद घेतो. पण आकारणी कशावर करायची, सांगा तुम्हीच."

सरांना चहाचं बघितलं जायचं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला मात्र गडबड झाली. सकाळी नऊपासून गेटपाशी गाड्या लागायला लागल्या. अण्णा पेपर घेऊन खाली बाकावर बसले, पण पान उलटलं नाही. साडेदहाला एक पांढरी गाडी आली, पुढे 'महाराष्ट्र शासन'. त्यातून उतरलेल्या बाईंनी वॉचमनला विचारलं, "सरांचं घर कितव्या मजल्यावर?" आणि लिफ्ट वर होती म्हणून जिन्याने, हातात फक्त एक नारळ घेऊन, चढून गेल्या. अण्णांनी चष्मा पुसला. दुपारपर्यंत अकरा चारचाकी, त्यांतल्या चार ऑटोमॅटिक, असा त्यांचा पंचनामा तयार होता. दुचाक्या आणि दोन रिक्षा त्यांनी धरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सरांना आग्रहाचं बोलावणं गेलं. साक्षीदार म्हणून मीही. आत वाक्य गेलं, "अगं, काही आहे का बघ गं." काकूंनी दारातून डोकावून बघितलं, नेमके कोण आलेत म्हणून. मग बशी आली.

अण्णा अदबीने पुढे सरकले. "सर, गावाकडे आपलं काही असेलच?"

"होती अडीच एकर. विहिरीसकट."

"बागायत!" अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले. 'बघा' एवढाच शब्द उरला होता.

"धाकट्या भावाला देऊन टाकली. त्याला दोन मुली, मला पेन्शन आहे."

अण्णांचा चेहरा खडकाळ झाला. बशीवरचा हात तसाच थांबला. मग तीस वर्षांची नोकरी एकदम जागी झाली.

"हक्कसोडपत्र नोंदवलं होतंत?"

"छे हो. भावाभावांत कसला कागद? तोंडीच."

"फेरफार?"

"कुणी केला असेल असं वाटत नाही."

अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बशी पुढे सारली. "मग सर, अजून तुमचीच आहे की हो! घ्या, बाकरवडी घ्या."