आधी काटा तपासा

परभणीच्या मोंढ्यात, अडत दुकानावर उभी हयात गेलेल्या मुनीमजींचा न दिसणाऱ्या मालावर काडीचा विश्वास नाही. नातू नांदेडला एम.एस्सी. करतो. सुट्टीत त्यानं सांगितलं : सूर्याजवळचा बुध सेकंदाला 47 किलोमीटर पळतो, लांबचा नेपच्यून जेमतेम 5. दीर्घिकेतही कडेचे तारे असेच रेंगाळायला हवेत. पण 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली, तर कडेचे तारेही आतल्यांच्याच तोडीनं धावताना निघाले. म्हणजे दिसतो त्याहून कितीतरी जास्त माल तिथं असणार. डार्क मॅटर.

‘काय सांगायलास! वजन जमंना, तर आधी काटा तपासावा. पोत्यात भूत काहून शोधायलेत?’

पुढं त्यांना कुठूनसा मिलग्रॉम गवसला. त्वरण अगदीच क्षीण असेल तिथं न्यूटनचा नियमच बदलतो, जादा माल लागत नाही, असं या इस्रायली गृहस्थानं 1983 साली मांडलं. तेव्हापासून ते ‘आपले मिलग्रॉमसाहेब’. बुधाची चाल जुळेना तेव्हा लोक अदृश्य ग्रह हुडकत बसले आणि आइन्स्टाइननं 1915 साली काटाच बदलला, हे मुनीमजींना तोंडपाठ. युरेनस भरकटला तेव्हा मात्र 1846 साली खरोखरच न दिसलेला नेपच्यून सापडला होता. त्या कानानं ते जरा कमी ऐकतात.

‘आबा, 2017 साली दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची खबर आली. गुरुत्वलहरी आणि प्रकाश 13 कोटी वर्षं धावले, पोचण्यात दोन सेकंदांचाही फरक नाही. काटा बदलणारे कितीतरी सिद्धांत त्यात गारद झाले.’

‘कितीतरी ना? सगळे नाही. औंढ्याला ते गुरुत्वलहरी टिपणारं लायगो होऊ दे. 1999 पर्यंत औंढा आपल्याच जिल्ह्यात होतं. मग बघू.’

शास्त्रज्ञांचा कौल बहुतांशी मुनीमजींच्या विरोधात आहे. पण डार्क मॅटरचा कण अजून एकाही यंत्रात पक्का घावलेला नाही, आणि भांडायला त्यांना तेवढं पुरतं.

शेवटी नातवानं विचारलं, ‘सोयाबीनच्या वजनातून कडता कशापोटी कापायचात?’

‘ओलाव्यापोटी.’

‘दिसायचा?’

‘दाणा फोडला की दाताला कळायचा.’

‘तेच म्हणायलेत ते. डोळ्याला दिसंना, ओढीवरून कळतंय.’

मुनीमजी क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘कडता पट्टीवर लिहिलेला असायचा. तुझ्या डार्क मॅटरची पट्टी आण, लगेच सही करतो.’