खुर्चीवरचा रुमाल

एस्.टी. फलाटाला पुरती टेकण्यापूर्वीच खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरण्याची जी विद्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तिचे माहात्म्य अद्याप कोणा शास्त्रकाराने यथोचित वर्णिलेले नाही. रुमालापाशी तिकीट नसते आणि कंडक्टरच्या हिशेबी तो प्रवासीही नव्हे. तथापि एका हातात पिशवी व कडेवर पोर घेतलेली बाईसुद्धा त्याच्याकडे एकवार पाहते आणि निमूटपणे पुढच्या बाकाकडे सरकते. रुमालाचा धनी चहा पीत आहे की विडी ओढीत आहे, तो या गाडीने येणार आहे की मुळीच येणार नाही, याची विचारपूस करण्याचे धारिष्ट कोणी करीत नाही. बसलेल्या माणसाला ‘जरा सरकून घ्या हो’ म्हणता येते; रुमालाला म्हणता येत नाही. रिकाम्या जागेचे भरलेल्या जागेवरील श्रेष्ठत्व ते हेच.

हा सिद्धान्त परिवहन महामंडळाच्या हद्दीपुरताच खरा आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. परंतु दिल्लीच्या पूर्व किदवईनगरात ज्याचे दफ्तर आहे त्या भारतीय स्पर्धा आयोगाच्या अध्यक्षपदाचा इतिहास वाचला, आणि या सिद्धान्ताची व्याप्ती अखिल भारतीय असल्याबद्दल माझी खात्री पटली.

या हुद्द्याचे काम थोडक्यात सांगण्याजोगे आहे. दोन मोठ्या कंपन्यांना एक व्हावेसे वाटले, किंवा एकीने दुसरीला विकत घ्यावयाचे ठरविले, की उभयतांनी या दारात येऊन कैफियत मांडावयाची. आणि या विलीनीकरणानंतर बाजारात स्पर्धा शिल्लक राहील की नाही, याचा निवाडा आयोगाने करावयाचा. भाव ऐकून भुवया उंचावणारे आपले गिऱ्हाईक ‘बरं, शेजारी विचारून येतो’ असे म्हणून पायरी उतरू लागते आणि मग दुकानदार त्याला मागून हाक मारतो; त्या हाकेतच सारे स्पर्धाशास्त्र आहे. शेजारचे दुकानही त्याच मालकाचे झाले, तर गिऱ्हाईक पायरी उतरते, पण हाक येत नाही. ती हाक शाबूत राखण्यासाठी अध्यक्ष नेमलेला असतो. तो सचोटीचा, कर्तबगार, प्रतिष्ठित आणि अर्थशास्त्र, व्यापार, कायदा इत्यादि विषयांत किमान १५ वर्षे मुरलेला असावा, अशी कायद्याची आज्ञा आहे; वयाची पासष्टी गाठताच त्याने खुर्ची सोडावी, अशीही आहे; मात्र ती सोडल्यावर दुसऱ्याने तीत किती दिवसांत बसावे याविषयी सरकारला कोणी घाई केलेली दिसत नाही.

घाई न करणे हा या दफ्तराचा कुलाचारच म्हणावा लागेल. मूठभर घराण्यांच्या हाती आर्थिक सत्ता किती एकवटली आहे, याचा शोध घेण्यासाठी १९६४ साली न्यायमूर्ती दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्या अहवालातून एकाधिकारास आळा घालणारा १९६९ चा कायदा निघाला आणि १ जून १९७० रोजी, म्हणजे मृग नक्षत्राच्या तोंडावर, तो अंमलात आला. पुढे १९९१ साली उदारीकरणाचे वारे सुटले आणि त्या कायद्यातील विलीनीकरणावर नजर ठेवणारी कलमे प्रथम उडाली. ज्यांच्या लहानपणी मोरीत ५०१ चा साबण असे आणि स्नानाला हमाम असे, त्यांना आठवत असेल की हे साबण करणारी टाटा ऑइल मिल्स १९९३ च्या सुमारास हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. साबणाच्या बाजारातले दोन प्रतिस्पर्धी एक झाले. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ साली न्यायालयाने विलीनीकरण कायम केले. आमच्या मोरीला याचा पत्ताही लागला नाही, कारण साबणाचा रंग तोच होता आणि वासही तोच होता.

मग १९९९ साली राघवन समिती बसली, २००२ साली संसदेने नवा स्पर्धा कायदा संमत केला, २००३ साली आयोग कागदावर जन्मला, आणि जन्मताच त्याच्या प्रमुखपदी न्यायाधीश असावा की नोकरशहा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ साली निकाल, २००७ साली दुरुस्ती, २००९ साली पहिले पूर्णवेळ अध्यक्ष आणि विलीनीकरणाची कलमे अंमलात आली १ जून २०११ रोजी, पुन्हा मृगाच्याच तोंडावर. मधल्या काळाचा एक तपशील सुवर्णाक्षरांत कोरून ठेवण्याजोगा आहे: बाजारात एकाचीच सत्ता होऊ नये म्हणून निर्माण केलेल्या या आयोगात कित्येक वर्षे एकच सभासद होता.

बाजार किती एकवटला आहे हे मोजण्यासाठी या क्षेत्रातील पंडितांपाशी हर्फिंडाल-हर्शमन नावाचा एक निर्देशांक असतो. प्रत्येक कंपनीचा बाजारातील टक्केवारीचा वाटा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि साऱ्या वर्गांची बेरीज करावयाची; एकच कंपनी असेल तर बेरीज १०,००० येते, आणि कंपन्या जितक्या अधिक तितकी बेरीज कमी. पंडितांची ही काठी मी सहज आयोगाच्याच अंगाला लावून पाहिली. एकच सभासद होता त्या काळात निर्देशांक १०,०००, म्हणजे शुद्ध एकाधिकार. पुढे अध्यक्ष व सहा सभासद अशी सात जणांची रचना झाली, तेव्हा तो सुमारे १,४२९ वर आला. २०१८ साली मंत्रिमंडळाने सातांचे चार करण्यास मंजुरी दिली, तेव्हा २,५००. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष अशोककुमार गुप्ता निवृत्त झाल्यावर मागे दोनच सभासद उरले, तेव्हा ५,०००! एखाद्या सिमेंट कंपनीने आपल्या बाजाराची अशी दशा केली असती, तर आयोगाने तिला कारणे दाखवा म्हणून नोटीस धाडली असती.

परंतु नोटीस धाडणार कोण? आयोगाच्या बैठकीस किमान तिघांची गणपूर्ती लागते, आणि दोघांच्या बेरजेतून तीन काढण्याची युक्ती अर्थशास्त्राच्या पंडितांसही अवगत नाही. कंपन्यांनी अर्ज केले, शुल्के भरली, वकिलांनी कागदांचे भारे आणून टाकले. पण मंजुरीचा हुकूम निघेना. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. २०११ पासून २०२४ पर्यंत भरलेल्या खुर्चीसमोर हजाराहून अधिक विलीनीकरणे आली आणि तिने त्यांतील एकासही सपशेल नकार दिला नाही. अध्यक्ष, सभासद, अर्थशास्त्रज्ञ आणि विधिज्ञ यांच्या एकवटलेल्या विद्वत्तेला जे एकदाही साधले नाही, ते एका रिकाम्या खुर्चीने एकही शब्द न उच्चारता आणि एकही भत्ता न घेता करून दाखविले. तिने सारी विलीनीकरणे सरसकट रोखली.

भरलेली खुर्ची काहीच करीत नाही, असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. ती कापते, पण नखे कापते. २०१४ साली सन फार्माने रॅनबॅक्सी घेण्याचे योजिले, तेव्हा आयोगाने प्रथमच जनतेची मते मागविली, खल केला, आणि सात औषधी उत्पादने विकून टाकण्याच्या अटीवर मंजुरी दिली. ती सात उत्पादने आमच्या पुण्याच्या एमक्युअरने घेतली आणि उर्वरित गजराज दारातून आत गेला. काही वेळा तर हत्ती दिसतच नाही. पीव्हीआर आणि आयनॉक्स या चित्रगृहांच्या दोन मोठ्या साखळ्यांनी मार्च २०२२ मध्ये एक होण्याचे जाहीर केले. परंतु महामारीमुळे चित्रगृहांना कुलपे असल्याने हिशेबात धरलेल्या वर्षाची उलाढाल कायद्याच्या मर्यादेखाली गेली होती, आणि म्हणून आयोगाकडे अर्ज करण्याचे कारणच उरले नाही. कायद्याच्या खिडकीतून पाहता तेथे एकही खेळ चालू नव्हता. एका ग्राहक संस्थेने तक्रार नेली, ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निकालात निघाली.

आयोगाचे हुकूम मुळातून वाचावयाचे धैर्य ज्यांनी केले आहे, त्यांस आणखी एक गोष्ट आढळेल. कोणत्या कंपनीचा बाजारात किती वाटा, हा जो प्रकरणाचा प्राण, तेथे नेमका आकडा नसतो; चौकटी कंसात ‘[४५-५०] टक्के’ असे काहीसे असते, कारण नेमका आकडा हे व्यापारी गुपित. आमच्याकडे पूर्वी धान्याच्या बाजारात भाव ठरविण्याची एक रीत होती. दलाल आणि खरीददार हातावर रुमाल टाकीत, त्याखाली एकमेकांची बोटे दाबीत आणि दोन माना हलल्या की सौदा पुरा. गाडीवर बसलेला शेतकरी, ज्याचा माल त्याला मात्र, फक्त रुमाल हलताना दिसे. ही रीत बंद करावयास बाजार समित्यांचे कायदे करावे लागले. आयोगाचा चौकटी कंस हा त्याच रुमालाचा, धुऊन इस्त्री करून परत आणलेला, अवतार आहे.

आता दोष एकट्या आयोगाच्या माथी का मारावा? ज्या सरकारने ही खुर्ची मांडली, त्या सरकारला स्वतःची विलीनीकरणे या दारातून नेण्याची कधी गरजच भासली नाही. आयोगाच्या निर्णयांवर अपिले ऐकण्यासाठी एक स्वतंत्र न्यायाधिकरण होते. मे २०१७ मध्ये ते कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणात विलीन झाले, आणि अपिलाच्या बाजारात शेजारी विचारून येण्याची सोय संपली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात राष्ट्रीयीकृत बँकांच्या एकत्रीकरणास या कायद्यातून १० वर्षांची मुभा देण्यात आली. मग १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या, आणि बरोबर एक वर्षाने, दहा बँकांच्या चार झाल्या. मुंबईत १९३८ साली निघालेल्या देना बँकेच्या पासबुकावर ज्यांनी निवृत्तिवेतन उचलले, त्यांना नवे पासबुक मिळाले. ‘शेजारी विचारून येतो’ असे म्हणण्याची इच्छा त्यांच्यापैकी कुणाला झाली असली तरी शेजारचीही पाटी त्याच सुमारास बदलत होती.

असो. रिकाम्या खुर्चीचा पराक्रम असाच चालू राहता, तर आपला देश विलीनीकरणमुक्त झाला असता. परंतु व्यापाऱ्यांचा ओरडा वाढला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विधिखात्याच्या संमतीने आपद्धर्माचे तत्त्व पुढे आले. धर्मशास्त्रात संकटकाळी ब्राह्मणाला निषिद्ध अन्नही खाण्याची मुभा आहे. त्याच न्यायाने, तिसरा नसेल तर दोघांनीही हुकूम काढावा, असे ठरले आणि तुंबलेल्या मंजुऱ्या वाहू लागल्या. पूर्णवेळ अध्यक्षा रवनीत कौर यांनी मे २०२३ मध्ये सूत्रे हाती घेतली. ऑक्टोबरपासून तोवर दिवस मोजले, तर ते २१० च्या आसपास भरतात; आणि कोणतेही विलीनीकरण तपासून संपविण्यासाठी त्या काळच्या कायद्याने आयोगाला कमाल मुदत दिली होती ती २१० दिवसांचीच. त्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे समजावे, असेही कलम होते. सरकारने आपल्या एका नेमणुकीसाठी कायद्याची अख्खी मुदत वापरून घेतली. आणि पुढच्या दुरुस्तीने, १० सप्टेंबर २०२४ पासून, आयोगाची मुदत मात्र १५० दिवसांवर आणली. शुल्क वाढले ते निराळेच: साध्या अर्जास ३० लाख, सविस्तर अर्जास ९० लाख. घाई महाग पडावी हा जगाचा शिरस्ताच आहे.

हे सारे वाचताना मला स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतील एक प्रसंग आठवला. तिसऱ्या बाकावर एक निळा रुमाल होता आणि त्याचा धनी गाडी सुटली तरी आला नव्हता. दांडीला धरून उभे असलेल्या आम्हा आठ-दहा सुशिक्षित माणसांपैकी प्रत्येकजण त्या रुमालाकडे पाहत होता आणि कोणीही बसत नव्हता. कात्रजचा घाट गेला, खेड शिवापूर गेले, रुमालाचा अंमल अबाधित राहिला. शिरवळच्या थांब्यावर एक नऊवारी नेसलेली म्हातारी चढली. तिने विचारले, “कुणाचा हो ह्यो रुमाल?” कोणी बोलेना. विधिखात्याला जे सुचावयास साडेतीन महिने लागले, ते तिला साडेतीन पळांत सुचले. तिने रुमाल उचलला, त्यानेच बाकावरची धूळ झटकली, ऐसपैस मांडी ठोकली आणि रुमालाची व्यवस्थित घडी करून ती कनवटीला लावीत म्हणाली, “आला धनी तर देऊ की.”